रेल्वे सिम्युलेटरवर पहिल्यांदा बसताय? नाशिकहून निघायच्या आधी हे वाचा

आधीच सांगून टाकतो, सिम्युलेटरवर, म्हणजे इंजिनाच्या नकली केबिनमध्ये बसून स्क्रीनवर, गाडी पळवणं सगळ्यांना जमतं. हँडल ओढलं की ती पळते, त्यात आपलं काही कौतुक नाही. थांबवणं जमत नाही. मी पहिल्यांदा बसलो तेव्हा प्लॅटफॉर्म आला, प्लॅटफॉर्म गेला, स्टेशनची पिवळी पाटी गेली, पुढचा सिग्नल लाल होता तोही गेला, आणि शेजारी उभा असलेला माझा बारा वर्षांचा भाचा शांतपणे म्हणाला, "मामा, स्टेशन मागं राहिलं." पंचवटी एक्स्प्रेसचा पास काढून इतकी वर्षं अपडाऊन केलेला माणूस मी, गप्पा मारताना अर्धा लोको पायलट, आणि ही इज्जत. म्हणून दुसऱ्यांदा गेलो तेव्हा नीट तयारी करून गेलो, तीच इथं क्रमानं सांगतो, म्हणजे तुमची पहिली खेप तरी वाया जाणार नाही.

पहिलं काम : जायचं कुठं

नाशिकरोडला रेल्वेची इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगची मोठी संस्था आहे, इरीन, १९८८ पासूनची. पण ती रेल्वेच्या अधिकाऱ्यांच्या ट्रेनिंगसाठी, तिथं गेटवर जाऊन "जरा बसू द्या ना साहेब" चालत नाही. पुण्याला कोथरूडमध्ये जोशींचं छोट्या रेल्वेचं म्युझियम आहे, पोरांना जरूर दाखवा, फार निगुतीनं केलंय, पण तिथं आपण बघायचं असतं, चालवायचं नसतं. नागपूरला मोतीबागेत नॅरोगेजचं म्युझियम आहे, तेही बघण्यासारखं. पण हातात हँडल पाहिजे असेल तर दिल्ली, चाणक्यपुरीतलं राष्ट्रीय रेल संग्रहालय. १ फेब्रुवारी १९७७ ला सुरू झालेलं. तिथं डिझेल इंजिनाचा सिम्युलेटर आहे, वाफेच्या इंजिनाचा आहे, आणि एक थ्रीडी डब्याची सफरपण आहे, तिच्यात नुसतं बसायचं असतं.

तिकडं जाणं आपल्याला सोप्पं आहे. नाशिकरोडहून राजधानी किंवा मंगला पकडा, दोन्ही हजरत निजामुद्दीनला सोडतात. स्टेशनातून बाहेर आलात की मेट्रोची पिंक लाइन, आणि त्याच लाइनवर गाडी न बदलता मोतीबाग, पूर्ण नाव सर विश्वेश्वरय्या मोतीबाग. तिथून रिक्षा करा, उन्हात चालत जायचा शहाणपणा करू नका, मी केलाय. आणि सोमवारी म्युझियम बंद असतं. हे वाक्य परत वाचा, कारण शनिवार-रविवारला जोडून सोमवारची रजा टाकणारे आपण सगळे, आणि रविवारी तिथं शाळेच्या सहलीइतकी गर्दी. मंगळवार-बुधवार जमलं तर सोनं. आत शिरताना नुसतं एन्ट्रीचं तिकीट हातात घेऊन पुढं पळू नका, सिम्युलेटरचं तिकीट वेगळं असतं, त्या दिवशी कोणता चालू आहे ते खिडकीवरच विचारून घ्या.

दुसरं काम : एकदा इगतपुरीला जाऊन या

हे ऐकून लोक हसतात, पण दिल्लीला जायच्या आधी एक रविवार कसारा घाटाला द्या. मुंबईहून येणारी गाडी पकडा आणि कसाऱ्यापासून इगतपुरीपर्यंत मोबाइल खिशात ठेवून नुसतं लक्ष द्या. हा घाट, म्हणजेच थळ घाट, १८६५ साली चालू झाला, चढ १:३७ चा, म्हणजे सदतीस मीटर पुढं गेलात की एक मीटर वर. ऐकायला किरकोळ वाटतं, आपली टू-व्हीलर एवढा चढ थर्ड गिअरवर मारेल. पण लोखंडाच्या रुळावर लोखंडाचं चाक आहे, पकड ती किती असणार, म्हणून तर कसाऱ्याला बहुतेक गाड्यांच्या मागून बँकर, म्हणजे जादा इंजिन लावतात, वरपर्यंत ढकलायला. राजधानीला दोन्ही टोकांना इंजिन असतं त्यामुळं तिला तिथं बँकरसाठी थांबावं लागत नाही.

आता खरी शिकवण उतरताना मिळते. इगतपुरीहून कसाऱ्याकडं येताना गाडी मधेच थांबते बघा, पब्लिक वैतागतं, कोणीतरी म्हणतंच "क्रॉसिंग असेल". तसं नसतं. तिथं कॅच सायडिंग असते, म्हणजे एक फाटा डोंगराच्या बाजूला चढावर नेऊन सोडलेला, ब्रेक निकामी झालेली गाडी त्यात घुसून थांबावी म्हणून. गाडी ताब्यात आहे हे थांबून दाखवल्यावरच पुढचा रस्ता मिळतो. सगळ्या घाटात ड्रायव्हरची परीक्षा काय, तर थांबून दाखव. हे एकदा अंगावर अनुभवलं की सिम्युलेटरवर बसताना डोकं वेगळं चालतं.

येताजाता अजून एक खेळ खेळा. खिडकीतून विजेचे खांब बघा, प्रत्येकावर पाटी असते, वर किलोमीटर आणि खाली त्या किलोमीटरमधला खांबाचा नंबर. दोन खांबांतलं अंतर सरळ रुळावर जास्तीत जास्त ७२ मीटर, वळणावर कमी. मोबाइलच्या जीपीएसवर स्पीड लावा, गाडी ब्रेक मारायला लागली की खांब मोजा, थांबेपर्यंत किती गेले. देवळाली किंवा नाशिकरोडला थांबताना मोजलं तर उडायलाच होतं, आपल्याला वाटतं प्लॅटफॉर्म आल्यावर ब्रेक मारतात, तो तर कधीच लागलेला असतो.

तिसरं काम : घरी थोडं खेळून घ्या

कॉम्प्युटर बरा असेल तर ओपन रेल्स नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, मायक्रोसॉफ्टचा २००१ सालचा जो जुना ट्रेन सिम्युलेटर होता त्याच्या रूट आणि गाड्या त्यात चालतात, भारतीय इंजिनं आणि डबे बनवून टाकणारे हौशी लोकही भरपूर आहेत. कीबोर्डवर डी दाबलं की थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर, वाढतो, ए दाबलं की कमी, स्पेसबारला हॉर्न. मोबाइलवरचे गेम टाइमपास म्हणून ठीक, त्यात ब्रेक मारला की गाडी स्कूटीसारखी थांबते, त्यानं हाताला चुकीची सवय लागते. आठवडाभर रोज अर्धा तास फक्त एकच गोष्ट करा, साठच्या स्पीडवरून एका ठरलेल्या जागी थांबायचं. बाकी काही नको. बायको विचारेल हे काय चाललंय, तर ऑफिसचं काम म्हणा.

चौथं काम : केबिनमध्ये बसल्यावर आधी हात मांडीवर

बसल्या बसल्या हँडलला हात घालू नका. सिम्युलेटरवाल्या भैयाला तीन गोष्टी विचारा, हिंदीत विचारा, लाजू नका : ट्रेन ब्रेक कोणता, स्पीड लिमिट किती, आणि थांबायचं कुठं. वेळ थोडाच मिळतो, त्यातला अर्धा मिनिट इथं गेला तरी चालेल.

डिझेल इंजिनाच्या जुन्या पद्धतीच्या स्टँडवर साधारण काय असतं ते सांगतो. थ्रॉटल, त्याला आयडल, म्हणजे इंजिन नुसतं चालू, आणि पुढं आठ नॉच, म्हणजे टप्पे. रिव्हर्सर, म्हणजे पुढं जायचं का मागं. आणि ब्रेकची दोन हँडलं, इथंच नवा माणूस फसतो. एक ए-नाइन, हा अख्ख्या गाडीचा ब्रेक. दुसरा एसए-नाइन, हा फक्त इंजिनाचा. इंजिनाचा ब्रेक लावून गाडी थांबेल अशी आशा करणं म्हणजे पुढच्या बैलाच्या नाकात वेसण घालून मागची अख्खी बैलगाड्यांची रांग थांबवायची. मागं हजार-बाराशे टन वजन असतं राव.

मग घड्याळासारखे गोल मीटर असतात. त्यातला ब्रेक पाइपचा, म्हणजे बीपीचा शोधून ठेवा. तो ५ वर असला पाहिजे, किलो पर चौरस सेंटिमीटर. इथं एक उलटं गणित आहे ते पक्कं डोक्यात बसवा : पाइपात हवा भरलेली असली की ब्रेक सुटलेला, हवा काढली की ब्रेक लागतो. म्हणजे डबे मधेच तुटले, पाइप फाटला, कोणी चेन ओढली, तरी हवा जाते आणि ब्रेक आपोआप लागतो. फार हुशारीनं केलेली व्यवस्था आहे ही. आपण आपल्या गाडीच्या सवयीनं "ब्रेक दाबला म्हणजे प्रेशर वाढलं" असं समजतो आणि मीटरचा काटा खाली जाताना बघून घाबरतो. तो खालीच जायला पाहिजे.

पाचवं काम : निघणं

रिव्हर्सर पुढं. ए-नाइन रिलीजला, बीपी ५ आला का बघा. एसए-नाइन सोडा, ब्रेक सिलिंडरचा काटा, म्हणजे इंजिनाचा ब्रेक किती लागलाय ते दाखवणारा, शून्यावर. सिग्नल बघा. हॉर्न द्या, खरं सांगायचं तर हॉर्नसाठीच अर्धे लोक आलेले असतात. मग नॉच एक. आणि थांबा. इथं हमखास सगळे लगेच दोन, तीन, चार करतात कारण गाडी हललेली दिसत नाही. ती हलणार आहे, तिला वेळ द्या, लोड मीटरचा, म्हणजे मोटरना जाणाऱ्या करंटचा काटा वर जाऊन जरा स्थिर झाला की पुढचा नॉच. एकदम आठवर नेलं तर खऱ्या इंजिनात चाकं जागेवर फिरतात, मग रुळावर वाळू सोडावी लागते, आणि मागच्या डब्यात चहा घेऊन उभ्या असलेल्या माणसाच्या शर्टाचं काय होतं ते आपण पासवाल्यांनी भोगलेलं आहे.

पळायला लागली की बाहेर बघा, मीटरकडं फक्त अधूनमधून. पिवळ्या पाटीवर डब्ल्यू/एल किंवा सी/फा दिसलं तर फाटक येतंय, शिटी वाजवायची, सी म्हणजे सीटी आणि फा म्हणजे फाटक. इतकी वर्षं ती पाटी बघत होतो, मला वाटायचं कोणत्या तरी कंपनीची असेल.

सिग्नलचं एवढंच : हिरवा, जा. दोन पिवळे, पुढच्या सिग्नलवर वेग कमी करायची तयारी ठेवा. एक पिवळा, पुढचा लाल आहे असं धरून चाला आणि ब्रेक आत्ताच सुरू करा. लाल, आधीच थांबा, त्याला ओलांडायचं नाही. लाल ओलांडला तर त्याला रेल्वेत स्पॅड म्हणतात आणि लोको पायलटच्या नोकरीत त्याहून वाईट शब्द नसावा. मी ज्या दिवशी केला त्या दिवशी शेजारचा भैया फक्त हसला, पण मला जरा लागलंच ते.

तर भाच्याला किंवा जो कोणी बरोबर असेल त्याला शेजारी उभं करा आणि असिस्टंट बनवा. मोबाइलवर व्हिडिओ काढत बसायला नाही. खऱ्या केबिनमध्ये दोघं एकमेकांना सिग्नल मोठ्यानं सांगतात, एक म्हणतो "डबल यलो", दुसरा परत म्हणतो "डबल यलो". सुरुवातीला वेड्यासारखं वाटतं. पण दुसऱ्या खेपेला आमच्या भाच्यानं ओरडून सांगितलं नसतं तर मी परत तसाच गेलो असतो, कारण मी तेव्हा स्पीडच्या काट्याकडं बघत बसलो होतो. खऱ्या इंजिनात अजून एक राखणदार असतो, साधारण मिनिटभर तुमचा कशालाच हात लागला नाही की दिवा लुकलुकतो, मग बजर, तरीही काही केलं नाही तर ब्रेक आपोआप. तुमच्या सिम्युलेटरवर असला काही बजर वाजला तर दचकू नका, विचारा कोणतं बटण दाबायचं.

सहावं काम : थांबणं, आणि याच्यासाठीच आलोय

साठच्या स्पीडला एक किलोमीटर म्हणजे बरोबर एक मिनिट. हे सोप्पं आहे म्हणून साठलाच सराव करा. आणि स्पीड नव्वद-शंभरच्या पुढं असेल तर गाडी थांबायला पाऊण-एक किलोमीटर सहज लागतो, म्हणजे स्टेशन दिसल्यावर ब्रेक मारायचा हा विचारच सोडून द्या, दिसायच्या आधी मारायचा.

पहिल्यांदा थ्रॉटल एकेक नॉच करत आयडलला आणा. मग ए-नाइन रिलीजवरून मिनिममवर. बीपीचा काटा ५ वरून साडेचारच्या आसपास येईल. आता काहीच झालं नाही असं वाटेल. हीच ती जागा. इथं नवा माणूस घाबरून हँडल पुढं रेटतो, फुल सर्व्हिस, मग ओव्हर रिडक्शन, मग इमर्जन्सी. अहो, हवा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वीस-बावीस डब्यांतून जायची आहे, पुढच्या डब्याचा ब्रेक आधी लागतो, शेवटच्याचा नंतर. दोन-चार सेकंद श्वास घ्या. मनात "राम कृष्ण हरी" म्हणा आरामात दोनदा, तेवढ्यात स्पीड उतरायला लागतो.

उतरायला लागला की अंदाज घ्या. रूटवर विजेचे खांब असतील तर इगतपुरीचा खेळ इथं कामाला येतो. कमी पडतंय वाटलं तर अजून थोडी हवा काढा, थोडीच. जास्त होतंय वाटलं तर थोडा सोडा. आपल्या पॅसेंजर गाड्यांच्या ब्रेकची मजा ही की तो थोडा-थोडा सोडता येतो. आणि शेवटची खुबी, जी मला दुसऱ्या खेपेला तिथल्याच माणसानं सांगितली : गाडी अगदी थांबत आली, चालत्या माणसाच्या स्पीडला आली, की ब्रेक जरासा ढिला करायचा. मग ती झोपलेल्या मांजरासारखी टेकते. तसाच आवळून ठेवला तर शेवटच्या क्षणी दणका बसतो, उभे असलेले सगळे पुढं.

इमर्जन्सी मारू नका, अगदी मजा म्हणूनसुद्धा. हवा सगळी जाते, परत पाच भरेपर्यंत गाडी जागची हलत नाही, आणि तुमचा मिळालेला वेळ काट्याकडं बघण्यात संपतो. मागं लाइनीत उभं असलेलं पोर तोपर्यंत तुम्हाला शिव्या देतं.

माझी दुसरी खेप? प्लॅटफॉर्मच्या आतच थांबलो, पण इतका आधी की इंजिन आणि दोन डबे प्लॅटफॉर्मला लागले असतील, बाकीचे लोक खडीत उतरले असते. भैया म्हणाला, "कोई बात नहीं, आगे निकलने से अच्छा है." मला ते सर्टिफिकेटसारखं वाटलं.

वाफेच्या सिम्युलेटरबद्दल थोडक्यात. तिथं रेग्युलेटर म्हणजे आपला थ्रॉटल, पण त्याच्याबरोबर बॉयलरचं प्रेशर आणि आतलं पाणी दाखवणारी काच सांभाळायची असते, पाणी कमी पडू द्यायचं नाही. दोघं जण असाल तर एकानं फायरमन व्हा. मी डिझेलच सुचवतो पहिल्यांदा, हात बसला की मग वाफ.

काही बारीकसारीक

पोट भरून बसू नका. स्क्रीन हलते, काहींना मळमळतं. निघायच्या दिवशी सकाळी नाशिकची झणझणीत मिसळ, पापड, गुलाबजाम सगळं हाणलं तरी हरकत नाही, ती रात्रभरच्या प्रवासात जिरते, म्युझियमसमोर छोले-भटुरे नकोत एवढंच.

लहान पोरांना आधी बसवू नका, ते आठव्या नॉचवरच जातात आणि त्यांचं बघून आपल्यालाही तेच करावंसं वाटतं. आधी त्यांना बाहेर फिरवा. तिथं पतियाळाची वाफेची मोनोरेल आहे, म्हणजे एकाच रुळावर भार असलेली गाडी, बघितल्यावर खरं वाटत नाही. आणि आपल्या लोकांनी एक इंजिन चुकवायचं नाही : सर लेस्ली विल्सन, खेकडा इंजिन, डब्ल्यूसीजी-वन. लांब नाकाडाचं, मधे केबिन, चाकांना जोडणारे दांडे. हे आपल्या घाटात चालायचं, कसारा-इगतपुरी. घरातली कोणी जुनी माणसं त्याच्या आवाजाचं वर्णन करत असतील तर त्यांना फोटो काढून पाठवा, फोन येतोच. आमच्या आबांचा आला, "हे अजून आहे?" म्हणाले, आणि मग वीस मिनिटं रोमिंगवर घाटाच्या गोष्टी.

येताना शक्य असेल तर दिवसा नाशिकरोडला पोचणारी गाडी बघा. मनमाडनंतर बॅग दारापाशी आणून ठेवा आणि हँडल पकडून पायाकडं लक्ष द्या. आम्ही तसेच उभे होतो, गाडी प्लॅटफॉर्मला लागली, स्पीड कमी-कमी होत अगदी संपत आला, पायाखालचा दाब जरासा हलका झाला आणि गाडी टेकली. भाचा माझ्याकडं बघून म्हणाला, "सोडला." हमाल आत चढायला लागले होते, आम्हाला उतरायला जागा मिळेना.